बॉयलरच्या पाण्यातली डाळ

लग्नानंतर मी भंडाऱ्याकडच्या खेड्यातून भिलाईला आले, तेव्हा पोलाद कारखान्याचं बांधकाम चालूच होतं. कॅम्प-१ या कामगार वस्तीतल्या आमच्या विहिरीचं पाणी फार जड. सकाळी चुलीवर चढवलेली तुरीची डाळ दुपारपर्यंत टणकच राहायची. शेजारीण तेलुगू बोलायची, विचारणार कोणाला? मला वाटायचं, आपल्यालाच स्वयंपाक जमत नाही. एकदा नवऱ्यासमोर रडूच आलं.

"काहून रडून राहिली?" ते म्हणाले. "पानीच खराब आहे. बॉयलरले आमी क्षार काढून पानी देतो, नाहीतर नळ्या चोंदतात. उद्या तुले आनून देतो."

पाणी शुद्ध करायच्या विभागातच त्यांची नोकरी होती. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून येताना त्यांनी डबाभर पाणी आणलं आणि खाटेवर पडताच झोपी गेले.

त्या पाण्यात डाळ बघता बघता मेणासारखी मऊ झाली. मी आनंदाने त्यांना हाका मारल्या, पण रात्रपाळीने थकलेले ते घोरतच राहिले. मी वाटी घेऊन शेजारणीकडे गेले, तर दाराला कुलूप. मग चुलीपाशी बसून एकटीच जेवले. पहिला घास घेताना तोंडातून निघून गेलं, "माय, शिजली वो डाळ."