आमच्या घरातलं अरुंद हाड

माझी मावशी नर्सिंगच्या मुलींना बाळंतपण शिकवते, त्यामुळे तिच्या पिशवीत भाजीच्या शेजारी कमरेची हाडं असतात. पुस्तकात त्याला कटीर म्हणतात: दोन बाजूंना कुल्ह्यांची रुंद हाडं, मागे त्रिकोणी हाड आणि त्याच्या टोकाला माकडहाड. कारखान्यातून हा प्लॅस्टिकचा सांगाडा स्क्रूने घट्ट आवळून आला होता. मावशीने स्क्रू काढून फेकले आणि सांधे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधले. संस्थेच्या मालाची नासधूस केली म्हणून प्राचार्य कटकट करायला लागले, तर म्हणाली, "जिवंत बाई काय स्क्रूने आवळलेली असते?" मुली तिला हाडबाई म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही, पण कबूल करायची नाही.

लहानपणी मी त्या सांगाड्यातून कापडी बाहुली बाहेर काढायचा खेळ खेळायचे. सरळ ओढली की ती अडायची. "ओढतेस काय, वळव तिला," मावशी सांगायची. हाडांमधल्या वाटेचं वरचं तोंड आडवं रुंद आणि खालचं उभं, म्हणून बाळ आत शिरताना एका कुशीकडे बघतं आणि मग वळून आईच्या पाठीकडे तोंड करतं. शेवटी माकडहाड जरा मागे सरकून त्याला वाट देतं.

एवढं सगळं माहीत असूनही मला दिवस गेले तेव्हा माझी पाचावर धारण बसली. कारण आई. "आपल्या घरातल्या बायकांचं हाडच अरुंद," हे तिचं पालुपद. माझ्या वेळी तिला दिवसभर कळा देऊन शेवटी सिझर करावं लागलं होतं. तेव्हा कुणीतरी सहज बोललेलं ते वाक्य तिने जन्मभर उराशी धरलं. त्यात मी तिच्याहून बुटकी. "भलत्या आशेवर राहू नकोस," ती मला बजावायची आणि मावशी वैतागायची. "ताई, बाहेरून बघून हाड कळतं का कुणाला? तू क्ष-किरण आहेस का?"

कळा सुरू झाल्या तेव्हा मावशी माझ्याबरोबर आत आली. आई मावशीची पिशवी सांभाळत बाहेर बाकावर बसली. ड्यूटीवरची नर्स मावशीचीच जुनी विद्यार्थिनी. सगळं सुरळीत चाललं होतं, पण अगदी शेवटी घोडं अडलं. डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "बाळाचं तोंड पाठीकडे नाही, वर पोटाकडे आहे, वळत नाहीये. ठोके छान आहेत, तेव्हा थोडी वाट बघू. नाहीतर मग सिझर."

हे ऐकून मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. इतकी बाळंतपणं केलेली ही बाई माझा हात आवळून एकच सांगत राहिली, "हलू नकोस बाळा, अशीच उताणी पड, अजिबात हलू नकोस." नर्स नुसती चुळबुळत होती. आपल्या बाईंसमोर तोंड उघडायची तिची काय बिशाद! कळ ओसरली तशी माझं डोकंच फिरलं.

"मावशी, तुझी ती ट्यूब कुठे गेली? मी माकडहाडावर पडलेय. ते मागे सरकणार कसं?"

मावशीने माझा हात सोडला. मग नर्सवर खेकसली, "बघत काय उभी राहिलीस? उठव तिला!"

"बाई, मघापासून मी तेच म्हणणार होते."

त्याही अवस्थेत मला हसू फुटलं. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि दोघींनी मिळून मला हात-गुडघ्यांवर वळवलं. मी कमर डोलवत राहिले, मावशी पाठ दाबत राहिली. बऱ्याच कळा अशाच गेल्या. मग अचानक पाठीतला जीवघेणा दाब सुटला. "वळलं, बाई, वळलं!" नर्स ओरडली.

मुलगी झाली. डोकं काकडीसारखं लांबुळकं. "वाटेत हाडं एकमेकांवर सरकलीत, होईल गोल," मावशी डोळे पुसत म्हणाली.

आई पिशवी छातीशी धरून आत आली. बाळाकडे बघायच्या आधीच तिने विचारलं, "हिचं हाड रुंद निघालं?"

"तुझ्यासारखंच आहे, ताई," मावशी म्हणाली. "ही बया तुझ्या पोटात अशीच वर तोंड करून बसली होती आणि तू दिवसभर उताणी पडलेली. सिझर झालं म्हणून दोघी वाचलात, ते ठीकच झालं. पण अरुंदबिरुंद काही नव्हतं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"दर वेळी बोलले. तू ऐकून घेशील तर ना!"

आईने पिशवीतून तो सांगाडा काढून मांडीवर घेतला आणि दोन्ही अंगठ्यांनी हाडं फाकवली. ट्यूब ताणली गेली आणि पुन्हा जागेवर आली. तिने परत एकदा करून बघितलं. मग हळूच एक हात स्वतःच्या कमरेवर ठेवला.

"म्हणजे माझ्यात काही खोट नव्हती," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

"खोट माझ्यात होती, आई," मी म्हटलं. "तोंड वर करून बसायची खोड मला तेव्हापासूनचीच."

ती रडता रडता हसली, सांगाडा मावशीच्या हातात कोंबला आणि नातीला घ्यायला पुढे झाली.