पुसलेला चेंडू

दुपारी हे फोनवरच्या बक्षिसाच्या स्पर्धेत दंग असतात. क्रिकेटच्या फोटोतला चेंडू पुसून टाकलेला असतो. खेळाडूंच्या नजरा बघून तो कुठे असेल ते ओळखायचं आणि तिथे फुली मारायची.

“आणि खरा चेंडू कुठे होता?” मी विचारलं.

“ते धरत नाहीत. परीक्षकही नजरा बघूनच जागा ठरवतात.”

रिकाम्या हवेकडे टक लावलेली ती माणसं मला बघवेनात.

ओट्याजवळ सासूबाईंचं स्टूल असायचं. त्या गेल्यापासून आमचा बोका त्या मोकळ्या जागेकडे असाच बघत बसतो. आज चहा गाळताना माझीही नजर तिकडे गेली. ह्यांनी मान वर केली, तीही तिकडेच.

मी तिसरा कप काढला.