मी दिलेले ठिपके

पहिलीच्या पोरांना लिहायला शिकवणं हे शांत माणसाचं काम आहे, आणि मी काही शांत नाही. सालेकसा तालुक्यात, जंगलाला लागून असलेल्या गावात माझी शाळा. चार वर्ग आणि शिक्षक दोन. त्यातले गुरुजी अर्धा महिना कुठल्या ना कुठल्या मीटिंगला, म्हणजे चारही वर्ग माझ्याच डोक्यावर. तिसरी-चौथीला पाढे म्हणायला लावायचे, दुसरीला धडा उतरवायला द्यायचा, आणि मग पहिलीच्या नऊ पोरांसमोर टाटपट्टीवर बसायचं.

लोकांना वाटतं, एक 'अ' काढायला असं काय लागतं? या म्हणावं, बसा माझ्याजवळ एक दिवस. पोर पालथं पडून लिहितं. पेन्सिल मुठीत धरतं, कुदळ धरावी तशी. जोर असा की टोक मोडलंच पाहिजे, आणि शार्पनर सापडेपर्यंत बाकीच्यांची जुंपलेली असते. चुकलं की थुंकी लावून बोटानं पुसायचं, म्हणजे कागदाला भोक, आणि भोक पडलं की भोकाड. घरी कोणी गोंडी बोलतं, कोणी छत्तीसगढी. मी गोंदियात वाढलेली, चिडले की तोंडातून हिंदीच निघते. 'सीधा पकडो ना' असं मी रोज किती वेळा ओरडत असेन, देव जाणे.

त्यात पोरांच्या वह्यांचे फोटो शिक्षणखात्याच्या मोबाईलवरच्या ग्रुपात टाकायचे. भोकं पडलेल्या वह्यांचे फोटो कोण टाकणार? म्हणून मी एक सोपी वाट काढली. नऊच्या नऊ वह्या घरी न्यायच्या आणि पानापानावर ठिपक्यांची अक्षरं काढून ठेवायची. पोरांनी नुसते ठिपके जोडायचे. पानं सुंदर दिसू लागली. फोटोंखाली साहेबांचे अंगठे येऊ लागले, आणि मीही खूश.

सगळ्यांत छान गिरवायची ती एक बारकीशी मुलगी, पुढचे दोन दात पडलेली. ठिपक्यावरून तिची पेन्सिल जराही सरकायची नाही. पालकसभेत मी तिच्या बापाला चारचौघांत सांगितलं की तुमची पोरगी वर्गात सगळ्यांत छान लिहिते. तो मजुरीला जाणारा, स्वतः चौथीपर्यंत शिकलेला माणूस. त्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत तो पोरीला खांद्यावर बसवून घेऊन गेला.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली. मंडई म्हटली की आमच्याकडे घरोघरी पाहुणे. जेवणं झाल्यावर बापानं मोठ्या कौतुकानं पोरीच्या हातात कोरा कागद दिला, लिहून दाखव म्हणाला. ती कागदाकडे पाहतच बसली. मग म्हणाली, ठिपके कुठे आहेत? पाहुणे पोट धरून हसले. देवरीकडच्या आश्रमशाळेत राहून शिकणारी तिची चुलतबहीण तिथेच होती, तिच्याच वयाची. तिनं कागद ओढून घेतला आणि भराभर चार शब्द लिहून दाखवले.

हे मला बापानंच शाळेत येऊन सांगितलं. आवाज चढवला नाही. वार्षिक परीक्षा झाली की दाखला द्या, एवढंच म्हणाला, पोरीला आश्रमशाळेत टाकतो, तिथंच राहून शिकेल. अजून आईचा पदर धरून शाळेत येणारी सहा वर्षांची पोर! मी खूप समजावलं. तो ऐकत होता, पण मान काही हलवत नव्हता. मला संताप आला. आधी त्याचा आला, मग हसणाऱ्या पाहुण्यांचा, आणि घरी जाऊन वह्यांचा गठ्ठा उघडला तेव्हा माझा स्वतःचा. हा शेवटचा काही केल्या उतरेना.

दुसऱ्या दिवसापासून मी ठिपके बंद केले. आठवडाभर पोरगी कोऱ्या पानासमोर नुसती बसून. हात धरून लिहून घेतलं तर लिहायची, हात सोडला की पेन्सिल तिथल्या तिथे थांबायची. एक दिवस पाहिलं तर तिची पेन्सिल आपली आपण चाललेली. मी लगबगीनं गेले, तर पोरगी स्वतःच ठिपके मांडत होती. आधी ठिपके, मग ते जोडायचे, आणि ठिपकेच वाकडे म्हणून अक्षरही वाकडं. लिहिणं म्हणजे हेच, असं तिला मीच शिकवलं होतं. तरी मी तिच्या हातातली पेन्सिल हिसकावली आणि तुला डोकं आहे की नाही म्हणून तिच्यावरच खेकसले. ती रडली नाही. खाली पाहत तिनं हळूच विचारलं.

"मॅडम, मले लिहता आलं तर बाबा मले तिकडं नाही ना धाडणार?"

मी पेन्सिल तिच्या हातात परत ठेवली. लाज वाटली मला. पण लाज वाटून अक्षर थोडंच येतं? हिवाळा सरला. मातीत बोटानं लिहून झालं, पिठात झालं, फरशीवर खडूनं झालं. ती प्रत्येक वेळी आधी माझ्या तोंडाकडे पाहायची आणि मग ठिपका द्यायची.

मग मोहाची फुलं पडायला लागली. शाळा सकाळची झाली, आणि नेमकी तीच मोह वेचायची वेळ. परीक्षा दहा दिवसांवर आलेली आणि वर्गात दोन पोरं! तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. गुरुजींवर शाळा सोपवली आणि तणतणत जंगलाच्या वाटेला लागले. आज कोणाला सोडायचं नाही, असं ठरवूनच निघाले होते.

मोहाची झाडं वाटून घेतलेली असतात. खालचा पालापाचोळा जाळून जमीन काळी करतात, म्हणजे पडलेलं फूल लगेच दिसतं. त्यांच्या झाडाखाली बापलेक टोपली घेऊन वेचत होते. मी ओरडायला तोंड उघडलं आणि पायाशी पाहिलं. राखेत काठीनं लिहिलेलं होतं, हातभर मोठ्या अक्षरांत: आमचा. काना भलताच लांब. ठिपका एकही नाही.

मी विचारलं, हे कोणी लिहिलं? पोरगी म्हणाली, तिनं स्वतः. बापलेक जेवायला घरी गेले की दुसरे येऊन त्यांचा मोह वेचून नेत होते, म्हणून. मी झाडापलीकडे वेचणाऱ्या तिच्या बापाला हाक मारली, पाहा म्हटलं. तो आला, त्यानं पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"हे तुमीच लिहून देलं असन, मॅडम."

दिवाळीपर्यंत मीच तर लिहून देत होते. माणूस खोटं काय बोलला?

त्यानं पायानं ती अक्षरं पुसली आणि काठी पोरीच्या हातात दिली. तिनं काठी घेतली आणि वर माझ्या तोंडाकडे पाहिलं. ती नजर मला पाठ होती. ठिपके मागत होती ती. माझा हात शिवशिवला, खोटं कशाला सांगू. मी सरळ पाठ फिरवली आणि समोरच्या झाडाकडे तोंड करून उभी राहिले.

झाडाच्या सालीवरच्या मुंग्या मोजत राहिले. मग राखेत काठी खरखरली. थांबली. पुन्हा खरखरली. शेवटी बापाचा आवाज आला, एकेक अक्षर लावत वाचणारा, "आ... म... चा."

मी वळले तेव्हा तो टोपली उचलत होता. त्या अक्षरांना वळसा घालून तो माझ्याजवळ आला.

"दाखला राहू द्या," तो म्हणाला. "पण दुसरीत तिले ठिपके नका देऊ, मॅडम."