आण्णांचं ओके

रविवारी माहेरी, हिर्डोशीला गेले होते. आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पहिलं मासिक श्राद्ध होतं. जेवणं उरकली, माणसं पांगली... मी आणि माझी भावजय सुमन पडवीत नाचणी निवडत बसलो.

आण्णांना इंग्रजी शब्द येत होता एकच, ओके. मी भोरहून रोज संध्याकाळी फोन करायचे. दोन वाक्यं झाली की ते ओके म्हणायचे आणि फोन बंद. माझ्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की बास झालं.

सुमनला मात्र त्यांची सगळी ओके ओळखता यायची. ताटावर हात धरून म्हटलं की भाकरी नको. दोनदा म्हटलं की ऐकलं, पण करणार नाही. लांबवून म्हटलं की गुडघ्याला तेल गरम करायचं... ती हुबेहूब त्यांच्या आवाजात म्हणून दाखवत होती.

मला हसू येईना. खरं सांगते, हेवा वाटला. ही घरात येऊन नऊ वर्षं झाली, आणि माझ्या वडिलांचं बोलणं हिनं मला समजावून सांगायचं?

तरी विचारलंच. ते गेले त्याच्या आदल्या दिवशी मी दवाखान्याचा विषय काढला होता. त्यांनी मधेच ओके म्हणून फोन बंद केला. माझ्यावर रागावले होते का... महिनाभर हेच मनात होतं.

सुमननं सूप खाली ठेवलं. "न्हाई वन्सं, तसं काय न्हवतं. शेळी पावट्यात शिरलेली त्यांना वरनं दिसली. तिच्यामागं पळालं."

"वरनं म्हणजे?"

"वरच्या बांधावरनं. हितं घरात रेंज कुठं हाय? तुमच्या फोनच्या आधी अर्धा तास जाऊन बसायचं. गुडगा दुखतोय, आज ऱ्हाऊ द्या म्हनलं, तर ऐकायचं न्हाई."

घरात रेंज नसते हे मलाही माहीत होतं. ते फोन घ्यायला कुठं जातात, हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

एसटीला वेळ होता म्हणून त्या बांधावर जाऊन आले. चढताना मलाच धाप लागली...

सुमनचा हेवा अजून वाटतो, खोटं कशाला बोलू. पण 'शेवटचा शब्द तुमच्यासाठीच होता', असं काहीतरी गोड सांगून ती मला गप्प करू शकली असती. तिनं शेळीचं खरं सांगितलं, म्हणून बांधाचंही खरं वाटलं. असं माणूस आण्णांजवळ होतं, याचं फार बरं वाटतं.