न्यामोने पुन्हा नाचली

चिओडा हा आम्हा बायकांचा ओळीतला नाच नाचायचा तर पुढे न्यामोनेच हवी, असं आमच्याकडे सगळे धरूनच चालायचे. सरोवराकाठी मासळी वाळवणाऱ्या आम्हा बायकांत तिच्यासारखी डौलदार दुसरी नव्हती. पण तरुणपणापासून तिला आकडी यायची. एका लग्नात ढोल रंगात आले आणि ती रिंगणातच कोसळली. पाहुण्यांनी पोरं लांब ओढली. शुद्धीवर आल्यावर तिनं ते पाहिलं आणि नाच सोडला.

गोळ्या ती नेमानं घेई. गावात असेपर्यंत ठीक चालायचं, पण कसाव्याच्या लागवडीला डोंगरात लेकीकडे गेली की पुन्हा आकड्या. डोंगरातलं भूत धरतं, असं लोक बोलायचे. जावयानं तर 'आता येऊ नका' म्हणून निरोप धाडला.

मग आमच्या दवाखान्यात कॉम्प्युटर आले, डोंगरातल्या दवाखान्यातही आले. सिस्टर चावुलांना दोन्हीकडच्या नोंदी एकत्र दिसल्या. त्यांनी न्यामोनेला शेजारी बसवलं आणि तिकडे जाताना औषधांची नोंद असलेलं कार्ड नेता का, असं विचारलं. सरोवर ओलांडताना होडीत भिजतं म्हणून ती ते घरीच ठेवायची. तिकडे गोळ्या आणायला गेली की कार्ड नाही म्हणून तिकडची नर्स तिला नवी रोगी समजून दर वेळी अर्ध्या गोळीपासून सुरुवात करायची.

"भूतबीत काही नाही, आई," सिस्टर म्हणाल्या. "गोळी कमी पडत होती. आता कुठंही गेलात तरी पुरती मिळेल."

"माझ्या जावयाला बोलावून दाखवशील का हे?" न्यामोनेनं विचारलं.

पुढच्या लागवडीला ती हट्टानं गेली. सबंध मोसमात एकदाही आकडी आली नाही. परतली तेव्हा जावई कसाव्याचं पोतं डोक्यावर घेऊन मागून चालत होता. लोकांची तोंडंही हळूहळू बंद झाली. वर्ष बरं गेल्यावर तिनं सिस्टरना विचारलं, नाचले तर चालेल का?

"नाचा की. सरोवरात मात्र एकटीनं उतरू नका."

तिच्या जागी पुढे नाचणारी न्याचिरवा बातमी ऐकून स्वतःच दारात आली. "ये बाई आता. तुझ्या जागी उभं राहून माझी कंबर गेली."

सुगीनंतर नाच झाला. न्यामोने पुढे, आम्ही मागे. तिनं सिस्टरनाही हात धरून ओळीत ओढलं. त्यांचा एकही पाय तालात पडेना. हसून हसून आमचंच गाणं बंद पडलं, आणि ढोलवाल्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.