शेळीचं पिल्लू आणि माइक

तीर्थपुरीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. गेल्या हिवाळ्यात सातवीची एकवीस मुलं घेऊन जालन्याला एका कॉलेजच्या छोट्या रेडिओ केंद्रात गेले होते.

स्टुडिओत शिरताच पोरं आपोआप कुजबुजायला लागली. भिंतींना स्पंज, खिडकीला दुहेरी काच, पंखा बंद. तिथल्या निवेदिका ताईंनी सगळ्यांना तोंडासमोर तळहात धरून ‘पपई’ म्हणायला लावलं.

“लागली का हवा? ही माइकवर आदळली की ऐकणाऱ्याच्या कानात फट् होतं. म्हणून तोंड जरा तिरकं ठेवायचं.”

पुढची पाच मिनिटं एकवीस पोरं नुसती पपई म्हणत होती.

मग ताईंनी विचारलं, “कोण बोलणार?”

मी कविता पाठ असलेल्या मुलीकडं बघत होते, पण हात वर झाला मागून. ही मुलगी वर्गात फारशी बोलत नसे. बोललीच तर ‘न्हाई’ म्हणे, आणि मी तिला ‘नाही’ म्हणायला लावी.

ती माइकसमोर बसली. “शेळी हा एक उपयुक्त प्राणी आहे,” म्हणाली आणि अडली. माझ्याकडं बघायला लागली.

“मॅडमकडं नको बघू,” ताई म्हणाल्या. “घरी शेळीबद्दल कसं सांगतेस, तसंच सांग.”

तिनं तोंड जरा तिरकं केलं. मग सुरू झाली. “आमची शेळी येल्ती, एक पिल्लू झालं. पन पिल्लाला जवळच येऊ देईना. माय म्हनली, घाबरायचं न्हाई. मंग आमी पिल्लाच्या अंगाला मीठ लावलं. शेळी चाटायला लागली. चाटलं की तिला वास बराबर कळतो, हे आपलंच हाय म्हनून. मंग दूध पाजती.”

चार मिनिटं ती बोलली. काचेपलीकडं रेकॉर्डिंगच्या यंत्रापाशी बसलेल्या दादांनी हातातलं दुसरं काम थांबवून ऐकलं. ताई म्हणाल्या, “यातला एक शब्द कापायचा नाही. ही गोष्ट अशीच लावू.”

मी मान हलवली. अभिमान होताच, पण इतकी वर्षं मी हिला बोलू दिलं नव्हतं, हेही टोचत होतं.

पुढच्या आठवड्यात केंद्राच्या ॲपवर कार्यक्रम लागला, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात मोबाइल स्पीकरला जोडला. तिची आई शेतातून तशीच आली, पदर खोचलेला. लेकीचा आवाज आला तशी ती खाली बसली आणि शेवटपर्यंत हलली नाही.

“चिमूटभरच मीठ म्हनायचं राह्यलं बघा,” ती मला म्हणाली. डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. अंबडकडच्या एका बाईनं विचारलं होतं, ती शेळीवाली पोरगी परत कधी येणार.

वर्गात मी हा निरोप सांगितला. ती खाली मान घालून हसली आणि म्हणाली, “मॅडम, मला म्हशीचंबी येतं.”