सोमली याडीचं इरजन

मी मेकॅनिक माणूस. जे पान्यानं उघडून बघता येत नाही ते मानायचं नाही, हा माझा हेका. आजही कोणी भुताखेतांचं काढलं की मी चिडून उठून जातो. तरी हे एकदा लिहून टाकतो...

१९६४ चा उन्हाळा. बोरी अरब गावापासून कोसभरावर, नाल्याकाठी कातडी कमावण्याचा कारखाना होता. तिथं मी पंप सांभाळायचो. चुन्याचं, रसायनाचं काळं पाणी आधी थेट नाल्यात जायचं. मग नागपूरहून एक केमिस्ट आले. त्यांनी मोठा खड्डा खणवला, त्यात शेण आणि तळ्यातला गाळ टाकवला. म्हणाले, यातले जंतू विष खातात, यांना जिवंत ठेवा. आम्हाला कपाळ कळलं! खालच्या तांड्यावरची सोमली मात्र लगेच म्हणाली, "हे त इरजन हाय." दह्याला लावतात ते विरजण. तिला सगळे याडी, म्हणजे आई म्हणत. रोज बांबूनं खड्डा ढवळायचं काम तिनंच धरलं, कारण तांडा त्याच नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी प्यायचा. तिच्या दह्याच्या गाडग्याचा गळा चिरला होता, त्याला मी पंपाची तांब्याची तार गुंडाळून दिली होती.

खड्ड्यावर जिवंत जंतूंचा फेस धरला, दोन-तीन महिन्यांत पाणी निवळलं.

मग मालकाचे पाहुणे येणार होते. मॅनेजर म्हणाला, खड्ड्याचा वास घालव. मी शहाण्यानं खड्ड्यात दोन डबे फिनेल ओतलं, संडासात ओततात तसं. दोन दिवसांत फेस बसला, पाणी पुन्हा काळं. नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसलो — आणि नाल्याकडचा पंप चालूच ठेवला. लिहितानाही लाज वाटते.

पाहुण्यांसाठी ढवळणं बंद होतं; आठवड्यानं, भर दुपारी याडी आली. डोक्यावर तेच गाडगं.

"काहून मारलं मिस्तरी, इरजन?"

"चुकलं याडी."

"घरचं मेलं त शेजारनीकडून आनतेत." तिनं गाडग्यातला गाळ खड्ड्यात ओतला, गाडगं काठावर ठेवलं आणि तांड्याकडे निघून गेली.

दुसऱ्या सकाळी खड्ड्यावर फेस. केमिस्ट म्हणायचे, नुसता फेस धरायलाच महिना लागतो. मी खुशीत गाडगं घेऊन तांड्यावर गेलो. तिची सून दारात होती. गाडगं पाहून तिनं त्याच्या तारेवर बोट ठेवलं.

"हे कोठून आनलं?"

"याडी काल ठेवून गेली."

"याडी त चार रोज झाले गेली, मिस्तरी. झिऱ्याचं पानी पेली अन् हगवण लागली. हे गाडगं म्या तिच्या चितेपाशी फोडलं."

माझ्या हातातलं गाडगं शाबूत होतं. गळ्याला माझी तार, माझाच पीळ.

फिनेलचं मी त्या सुनेला कधी सांगितलं नाही. आज इथं सांगतो आहे. गाडग्याचा उलगडा अजून होत नाही... पण इरजन मेलं हे याडीला कोणी सांगितलं, ते मला माहीत आहे. ती ते पाणी प्यायली होती.